पैठणातली परदेशीण

पैठणला जाणारी माणसे दोन तऱ्हेची. एक नाथांच्या समाधीसाठी जाणारी आणि दुसरी पैठणीसाठी. पुष्कळदा ती एकाच घरातून निघतात आणि पहिलीच्या पुण्याईवर दुसरीचा खर्च खपून जातो. मी मात्र गेल्या मार्गशीर्षात तिसऱ्याच कामाने गेलो. मला एका जुन्या जीपगाडीतली तेलाची नळी बघायची होती. सौ. बरोबर होत्या, तेव्हा पहिली दोन कामेही ओघाने आलीच.

माझ्या एका दिवंगत सहकाऱ्याची थोरली बहीण पैठणला असते. आक्का. वय ऐंशीच्या पुढे, कान तीक्ष्ण, जीभ त्याहून तीक्ष्ण. त्यांच्या सासऱ्यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या लिलावातली एक जीप घेतली होती. ती अजून वाड्याच्या पडवीत उभी. वाड्याच्या माडीचे छप्पर यंदाच्या पावसाने बसले, म्हणून आक्कांनी गाडी विकायला काढली. एक गिऱ्हाईक आले, बॉनेट उघडून पाच मिनिटे पाहिले आणि म्हणाले, "यात मूळचे काहीच नाही. सगळे इथलेच जोडकाम. भंगाराचा भाव देतो." आक्कांनी मला फोन केला. "भाऊ, तू जन्मभर कारखान्यात काढलास. खरे काय ते येऊन सांग. भंगार तर भंगार, पण लबाडी नको."

छत्रपती संभाजीनगरहून पैठण पन्नासेक किलोमीटर. बिडकीनपर्यंत दोन्ही अंगांना कारखान्यांचा पसारा, पुढे मोसंबीच्या बागा दिसू लागतात. हेच ते सातवाहनांचे प्रतिष्ठान. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने आपल्या प्रवासवहीत भडोचहून वीस दिवसांच्या वाटेवरचे गाव म्हणून याची नोंद केली आणि इथून अकीक बाहेर जातो असेही लिहिले. दोन हजार वर्षांपूर्वी इथला माल समुद्रापार जात होता, तेव्हा समुद्रापारचे एखादे यंत्र इथे येऊन पडले तर त्यात नवल कसले?

संभाजीनगरचे एक वृद्ध मिस्त्री मी बरोबर घेतले होते. त्यांना सगळे चाचा म्हणतात. चाचांच्या पिशवीत एक बॅटरी, एक चिंधी आणि आटे मोजायची पात्यांची पट्टी, एवढेच.

आता तेलाच्या नळीचेच एवढे काय, असे वाचक विचारतील. हल्लीच्या मोटारीत तेलाचा दाब विजेच्या तारेवरून कळतो. पूर्वी तसे नव्हते. इंजिनातले खरेखुरे गरम तेल एका बारीक नळीतून थेट चालकासमोरच्या काट्यापर्यंत यायचे. काट्याच्या डबीत एक चपटी, वाकवलेली नळी असे. तेलाचा जोर वाढला की ती उलगडू पाही आणि काटा सरके. बूर्दाँ नावाच्या फ्रेंच माणसाने 1849 साली ही युक्ती काढली. म्हणजे ही इंजिनाची नाडीच. आणि नाडी तुटली तर तेल चालकाच्या पायावर, इंजिन कोरडे! त्यातून इंजिन रबरावर हलते आणि गाडीची पाटी जागची हलत नाही. म्हणून मधला तुकडा लवचीक ठेवावा लागतो. हीच नळी सर्वांत आधी निकामी होते, सर्वांत आधी बदलली जाते, आणि बदलणारा कोण होता हे तिच्या जोडांवरून कळते.

जीप डाव्या चाकाची. म्हणजे निदान जन्म परदेशी. अशा जीपा 1941 ते 1945 या काळात विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांवर केल्या. दोन्हींचा आराखडा एक, पण फोर्डवाल्यांना आपली अक्षरमुद्रा फार प्यारी. बोल्टच्या डोक्यावरसुद्धा इंग्रजी एफ! चाचांनी नळी धरून ठेवणाऱ्या पट्टीच्या बोल्टवर चिंधी फिरवली, बॅटरी धरली आणि मला खुणेने बोलावले. काळवंडलेल्या डोक्यावर एफ स्वच्छ उमटला होता. चौकटीची पुढली आडवी पट्टीही फोर्डचीच निघाली, कारण विलीजची तिथे गोल नळी असते. इंजिनाचा क्रमांक मात्र एम.बी.ने सुरू होणारा, म्हणजे विलीजचा. गिऱ्हाइकाला जोडकाम दिसले ते इथे. पण लष्करी कर्मशाळांत युद्धाच्या घाईत हे सर्रास चाले. जे इंजिन तयार असेल ते जी गाडी उभी असेल तिला. तो संसार पैठणात जुळलेला असेलच असे नाही.

मग चाचांनी इंजिनाच्या अंगातला पितळी एल्बो सोडवला. त्याची घडण गोलसर, साच्यात ठोकलेली, लेथच्या हत्याराची रेघ कुठे नाही. आट्यांवर त्यांनी पट्टीचे पाते टेकवले. इंग्रजी पद्धतीचा हा जोड असता तर इंचात अठ्ठावीस आटे, अमेरिकन असेल तर सत्तावीस आणि टोकाकडे निमुळता. (याला एक अष्टमांश इंची म्हणतात आणि बाहेरून भरतो तो दहा मिलिमीटर. नळकामातली ही परिभाषा ज्याने ठरवली त्याला नमस्कार.) आपल्या बाजारात मिळतो तो अठ्ठावीसचा. तो सत्तावीसच्या भोकात दोनतीन फेरे जातो आणि अडतो. मग उतावळा मिस्त्री सूत आणि सफेता लावून पान्याने रेटतो, आणि पितळ बिचारे चिरडते. इथे अठ्ठावीसच्या पात्याखालून उजेड दिसला. सत्तावीसचे पाते दातात दात घालून बसले.

"अमेरिकन आहे साहेब," चाचा म्हणाले. "आणि कुणी जबरदस्ती केलेली नाही."

मधली लवचीक नळी मात्र मूळची नव्हती. तिच्या जागी तांब्याची नळी होती, दोन वेटोळी देऊन बसवलेली, म्हणजे हिसक्याने तडकू नये. समोरचा काटा तर विलायती, स्मिथ्सचा, अठ्ठावीस आट्यांचा! मग अमेरिकन नळी इंग्रजी काट्याला मिळाली कशी? मध्ये एक बोटाच्या पेराएवढा पितळी तुकडा होता. त्याच्या एका तोंडाला सत्तावीस आटे, दुसऱ्याला अठ्ठावीस. हा कुठल्याच कंपनीचा नव्हे. लेथवर कुणीतरी हाताने कातलेला. चाचा तो कितीतरी वेळ बोटांत फिरवीत राहिले.

आक्कांना तो आठवत होता. धरणाच्या वर्षांतला. 1965 साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते जायकवाडीची पायाभरणी झाली आणि 1976 साली इंदिरा गांधींनी धरण राष्ट्राला अर्पण केले. त्यामधल्या काळात आक्कांच्या यजमानांनी या जीपमागे छकडा जोडून पाण्याखाली जाणाऱ्या गावांतली बिऱ्हाडे हलवली. "जाती, उखळे, देव, म्हाताऱ्या. काटा बंद पडला तर हे गाडी काढत नसत. मध्येच इंजिन बसले तर त्या माणसांनी जायचे कुठे, म्हणायचे." संभाजीनगरच्या कुणा लेथवाल्याकडे ते दोन दिवस बसून राहिले होते आणि तो तुकडा घेऊनच परतले.

दुपारी धरणावर गेलो. सत्तावीस दरवाजे, आणि पलीकडे नजर पोचेल तिथवर नाथसागर. सत्तावीस हा आकडा त्या दिवशी माझ्या मागेच लागला होता. पाणी संथ होते, पक्षी उतरलेले होते. आक्का बरोबर आल्या नाहीत. "त्या पाण्याखाली काय आहे ते मला ठाऊक आहे," एवढेच म्हणाल्या.

परतताना पैठणीच्या मागावर थांबणे क्रमप्राप्तच. विणकराने पदर उलटा करून दाखवला. प्रत्येक रंगाची कांडी निराळी, धाग्यात धागा अडकवून वळवलेला, म्हणून नक्षी दोन्ही अंगांनी सारखी. यंत्रावरच्या नकलेत मागे धागे लोंबतात. चाचांनी चष्मा पुसून पदराची उलटी बाजू माझ्या एल्बोपेक्षा अधिक बारकाईने पाहिली आणि सौ.ना म्हणाले, "घ्या वहिनी, माल खरा आहे." माझ्या खिशाचे मत कुणी विचारले नाही.

संध्याकाळी मी आक्कांना कागदावर सगळे लिहून दिले. चौकट फोर्डची, इंजिन विलीजचे, दोन्ही युद्धकाळातली. एल्बो मूळचा. नळी, काटा आणि मधला तुकडा नंतरचे. काहीही झाकले नाही. आक्कांनी चष्मा लावून दोनदा वाचले आणि नातवाकडून त्या गिऱ्हाइकाला फोन लावून घेतला. कागद जसाच्या तसा वाचून दाखवला, आट्यांच्या आकड्यांसकट. पलीकडे बराच वेळ शांतता. मग त्याने विचारले, पुन्हा बघायला केव्हा येऊ?

"रविवारी या," आक्का म्हणाल्या. "भाव छपराच्या खर्चावर सांगेन. आणि मधला तो पितळेचा तुकडा काढून ठेवते आहे. तुम्ही तुमचा अमेरिकन काटा आणा."

चाचांनी तुकडा चिंधीने पुसून त्यांच्या हातावर ठेवला.