आईचा पहिला बर्फ

तुम्ही बर्फ पाहिलाय का? माझ्या आईने अजून नाही पाहिला. ती सत्तर वर्षांची आहे. जानेवारीत ती नाशिकहून आमच्याकडे दुबईला येतेय. तेव्हा आम्ही तिला जॉर्जियाला नेणार आहोत.

"एवढ्या थंडीत डोंगरात कशाला?" असं सगळे विचारतात. उन्हाळ्यात प्रवास सोपा असतो, हे खरंच. पण आई म्हणते, "उन्हाळ्यात बर्फ कुठला? आणि पुढच्या वर्षी माझे गुडघे ऐकतील का?"

काझबेगीच्या वाटेवर सुमारे २४०० मीटर उंचीची खिंड आहे. फार बर्फ पडला की तिथला रस्ता बंद होतो. म्हणून आम्ही त्यासाठी दोन दिवस राखून ठेवलेत. खिंड बंदच राहिली, तर अलीकडच्या गुदाउरी गावातच थांबू. बर्फ तिथेही असतो!

बाकीचे दिवस तिबिलिसीत. तिथे जमिनीतून गरम पाणी येतं आणि त्यावर जुनी स्नानगृहं आहेत. जवळच म्त्सखेता गावात ११व्या शतकातलं भव्य चर्च आहे.

तुम्हीही थंडीत जाणार असाल, तर लक्षात ठेवा: दिवस लहान असतो. एका दिवशी एकच ठिकाण ठरवा आणि घरातल्या मोठ्यांच्या चालीने चाला.