मोत्याला न्यावे की ठेवावे?

सुट्टी लागली की शाळामास्तरांच्या घरी दोन विषय हटकून निघतात : एक, अर्धवट राहिलेली घरदुरुस्ती आणि दुसरा, प्रवासाचा बेत. गेल्या दसऱ्याच्या सुट्टीत आमच्या कंग्राळीच्या घरी दुसरा विषय निघाला. चिरंजीव, सूनबाई आणि सहा वर्षांचा नातू आठवडाभरासाठी पुण्याहून गाडी घेऊन येणार होते आणि सर्वांनी मिळून चार दिवस वेंगुर्ल्यास जावे, असे पत्रापत्रीच्या जागी आता जी फोनाफोनी चालते, तीत ठरले. उतरण्याची सोय झाली, मुक्कामाच्या तारखा ठरल्या, मासे किती खावयाचे हेही ठरले. ठरेना ते एवढेच, की मोत्याचे काय करावयाचे?

मोत्या हा आमचा कुत्रा. जात विचाराल तर गावठी. आमच्या शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातील मुधोळचे शिकारी कुत्रे जगप्रसिद्ध आहेत. मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी त्या वाणाची निगुतीने जोपासना केली आणि 2005 साली आपल्या डाकखात्याने त्यावर तिकीटही काढले. आमच्या मोत्याच्या वाट्याला असे तिकीट येण्याची शक्यता नाही. अकरा वर्षांपूर्वी भातकापणीच्या दिवसांत मार्कंडेय नदीच्या काठच्या शिवारातून तो आमच्या सायकलीमागे धावत आला आणि राहिला. शेजाऱ्यांचे कानडी आणि आमचे मराठी त्याला सारखेच समजते. ‘इल्ली बा’ म्हटले तरी येतो, ‘हिकडं ये’ म्हटले तरी येतो. ‘जा’ म्हटलेले मात्र दोन्ही भाषांत त्याला समजत नाही.

आता तो म्हातारा झाला आहे. डोळ्यांवर निळसर सायीसारखा पडदा आला आहे, मागचा उजवा पाय थंडीत आखडतो. अशा कुत्र्याला सव्वाशे किलोमीटरचा घाटरस्ता दाखवावा काय, हा प्रश्न. घरात लगेच दोन पक्ष पडले. नातवाचे म्हणणे सरळ होते : मोत्या नाही तर आपणही नाही. सूनबाईंचे म्हणणेही चुकीचे नव्हते : परक्या घरी उतरायचे, तिथे देवघर, सोवळेओवळे, कुत्र्याने घाण केली तर तोंड कसे दाखवावे? चिरंजीवांचे मत, त्याला चार दिवस कोणाकडे तरी ठेवावे. आमच्या सौभाग्यवती काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त आमच्याकडे पाहिले.

त्या पाहण्यास कारण होते. आठ वर्षांपूर्वी आम्ही नरसोबाच्या वाडीस गेलो होतो. तेव्हा मोत्याला शहरातील एका ओळखीच्या घरी ठेवले होते. माणसे चांगली, परंतु मोत्याला आयुष्यात प्रथमच साखळी लागली. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर स्नान करून, दत्तप्रभूंची तसबीर घेऊन आम्ही चौथ्या दिवशी परतलो, तो मोत्या आमच्या कुलूपबंद दाराशी पडलेला. साखळीचा तुकडा गळ्यात, पंजे सोललेले. आदल्या दिवशी सकाळपासून तो तिथून हलला नव्हता आणि शेजाऱ्यांनी टाकलेल्या भाकरीला त्याने तोंड लावले नव्हते. आम्हांस पाहून तो उठला नाही, त्याने शेपूटही हलविले नाही. नुसते पाहत राहिला. भुंकला असता तरी बरे वाटले असते. पिशवीतून तसबीर बाहेर काढली तेव्हा दत्तप्रभूंच्या पायाशी चार कुत्री बसलेली दिसली. त्या चौघांना चार वेद म्हणतात, हे वर्गात आम्ही अनेकदा सांगितले आहे. त्या संध्याकाळी ते सांगण्याचे धैर्य आमच्यात नव्हते.

म्हणून या वेळी ‘कोणाकडे तरी ठेवू’ हा शब्द आमच्या घशाखाली उतरेना. आम्ही सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन डॉक्टरांचा सल्ला घेतला. त्यांनी मोत्याचे हृदय तपासले, दात पाहिले, पिसाळी रोगाच्या लसीचा कागद मागितला आणि मग जे सांगितले ते सर्व वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून येथे देतो. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम सुटत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकत तो आपले शरीर थंड करतो. म्हणून काचा लावून उन्हात उभ्या केलेल्या गाडीत त्याला थोडा वेळही ठेवू नये. अशा गाडीत काही मिनिटांतच भट्टी होते. निघण्यापूर्वी तीनचार तास त्याला जेवण देऊ नये, म्हणजे घाटात ओकारी होत नाही. खिडकीतून डोके बाहेर काढू देऊ नये. दर तासाभराने उतरवावे, पाणी पाजावे, पाय मोकळे करू द्यावेत. घाटमाथ्यावर रात्री त्याला बाहेर बांधू नये. बिबट्याला कुत्र्यासारखे सोपे भक्ष्य दुसरे नाही. समुद्राचे पाणी पिऊ देऊ नये आणि रापणीतून वाळूवर टाकून दिलेल्या केंड माशाला तोंड लावू देऊ नये, तो विषारी असतो. परत आल्यावर गोचिडांसाठी कान आणि बोटांमधल्या फटी तपासाव्यात.

“मग नेऊ म्हणता?” आम्ही विचारले.

“नेण्यासारखा आहे,” डॉक्टर म्हणाले, “पण त्याच्या चालीने जायची तुमची तयारी हवी. तुमच्या चालीने तो येणार नाही.”

हे वाक्य आमच्या मनात घोळत राहिले. आगगाडीचाही विचार करून पाहिला होता. रेल्वेत पहिल्या वर्गाचा दोन किंवा चार शायिकांचा कक्ष संपूर्ण आपल्या नावे असेल तरच कुत्रा जवळ ठेवता येतो. एरवी त्याला गार्डाच्या डब्यातील पिंजऱ्यात जावे लागते. शिवाय बेळगावहून लोंढा, मडगाव असा वळसा घालून सावंतवाडीकडे यावयाचे. तो बेत सोडला. चिरंजीवांच्या गाडीत आम्ही दोघे, ते तिघे, असे पाच. मागे सामानाच्या जागेत गोधडी घालून मोत्या. हिशेब जमला. रात्री जेवताना आम्ही जरा समाधानानेच निर्णय सांगितला आणि ओघात धर्मराजाची कथाही सांगितली. महाप्रस्थानाच्या वाटेवर द्रौपदी पडली, चौघे भाऊ पडले, शेवटी इंद्र रथ घेऊन आला. परंतु मागोमाग चालत आलेल्या कुत्र्याला सोडून रथात बसण्यास धर्मराजाने नकार दिला, इत्यादी.

आमची आई भिंतीला टेकून बसली होती. वय एक्याऐंशी. अकरा वर्षांत तिने मोत्याला उंबरठ्याच्या आत घेतलेले नाही आणि अकरा वर्षांत त्याची भाकरी टाकण्यास ती एक दिवस विसरलेली नाही. ती शांतपणे म्हणाली,

“चार दिस झालं, कुत्र्याचं बोलालासा. म्हातारीला यायचं हाय काय न्हाई, कुणी इचारलासा?”

ताटावरचे सर्वांचे हात थांबले.

वाचकहो, खोटे कशास सांगावे? कोणीही विचारले नव्हते. आई घरी राहील, शेजारची बाई रात्री सोबतीला येईल, हे कोणी ठरविले नव्हते, तरी ते ठरलेलेच होते. पाच माणसांचा हिशेब आम्हीच केला होता. कुत्र्याचे हृदय तपासून आणले, त्याच्या ओकारीची चिंता केली, त्याच्यासाठी महाभारत सांगितले. आणि जिने आम्हांस ते महाभारत लहानपणी प्रथम ऐकविले, ती हिशेबात नव्हती. नातू पटकन म्हणाला, “पणजी, तू पण चल की!” सहा वर्षांच्या मुलाला जे वाक्य सुचले, ते पंचावन्न वर्षांच्या मुख्याध्यापकास सुचले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सात आसनांची गाडी भाड्याने ठरविली.

पहाटे उजाडता उजाडता निघालो. हिंडलगा, सुळगा, बाची असे करीत शिनोळीस पोहोचलो. येथे कर्नाटक संपून कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड तालुका लागतो. पाट्यांवरील लिपी बदलते, शिवार मात्र बदलत नाही. अलीकडे जे भात डोलते तेच पलीकडे. मोत्याने दोन्ही राज्यांचा वास एकदाच घेतला आणि डोके खाली ठेवले.

डॉक्टरांच्या सांगण्यावरून दर तासाभराने गाडी थांबवू लागलो. पहिल्या वेळी चिरंजीवांना ते जड गेले; पुण्याच्या रस्त्यांवर चालविणाऱ्याला थांबणे म्हणजे हरणे वाटते. परंतु पाटणे फाट्याजवळ मोत्याला उतरविले तेव्हा आईही उतरली. तिचेही गुडघे आखडले होते. मोत्या एका झाडाकडे गेला, आई दुसऱ्या झाडाखाली दगडावर बसली. त्याला पाणी पाजले, तिने पाणी मागितले. घाटाआधी त्याला खाऊ घातले नव्हते. आईनेही नुसता चहा घेतला होता, कारण घाट तिलाही लागतो. डॉक्टरांनी कुत्र्यासाठी लिहून दिलेले पथ्य जणू म्हातारीसाठीच लिहिलेले होते! त्यानंतर ‘मोत्यासाठी थांबू या’ असे आम्ही म्हणत होतो. आणि आईसाठी थांबतो आहोत हे तिला जाणवू न देण्याची ती एक चांगली सबब झाली. तिला जाणवले नसेल, असे मात्र आम्हांस वाटत नाही.

आंबोलीत पाऊस नुकताच सरला होता. कडे अजून पाझरत होते, धुके रस्त्यावर उतरून पुन्हा वर जात होते. हिरण्यकेशीच्या उगमाशी गेलो. मोत्याला आम्ही देवळापासून दूर, बाहेरच धरून उभे राहिलो. आईने पाण्याला हात लावला आणि विचारले, हे पाणी जाते कुठे? आम्ही भूगोलाच्या मास्तराच्या थाटात सांगितले, की ही हिरण्यकेशी आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करीत घटप्रभेला मिळते. आणि आपली कंग्राळीची मार्कंडेयही पुढे घटप्रभेलाच मिळते. “म्हंजे आपल्याच घराकडं,” आई म्हणाली. नकाशावर आम्ही ही गोष्ट शेकडो मुलांना दाखविली असेल. इतक्या थोडक्यात कधी सांगता आली नव्हती.

घाट उतरताना मोत्याला एकदा ओकारी आलीच. सूनबाईंनीच पदर खोचून गोधडी धुतली, एक अक्षर न बोलता. दाणोलीस साटम महाराजांच्या समाधीचे दर्शन घेतले. सावंतवाडीस मोती तलावाच्या काठी नातवाने मोत्याला उभे केले आणि तलाव त्याच्या नावाचा असल्याचे जाहीर केले. लाकडी खेळण्यांच्या दुकानात तो कुत्रा शोधत होता, मिळाला बैल. तोही चालला.

वेंगुर्ल्यास यजमानांनी मोत्यासाठी पडवीत पोते घातले होते. इतके दिवस ज्याची धास्ती घेतली, तो प्रश्न असा एका पोत्यावर सुटला. सतराव्या शतकातील डच वखारीचे पडके अवशेष चिरंजीवांनी पाहिले. आई आणि मोत्या तिथे आले नाहीत. ती दोघे सागरेश्वराच्या वाळूवर बसली. मोत्या प्रथम लाटेवर भुंकला. लाट मागे गेल्याबरोबर आपला विजय झाला असे समजून शेपूट हलवू लागला. दुसरी लाट आली तेव्हा आईच्या मागे जाऊन लपला. आईने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. अकरा वर्षांत आम्ही प्रथमच ते पाहिले. सोवळे म्हणावे तर समुद्र समोर होताच.

परतल्यावर कान तपासले; तीन गोचिडे निघाली. मोत्या दोन दिवस नुसता झोपून होता आणि आईही. प्रवास दोघांनाही झेपला असे म्हणता येईल, पण जेमतेम. पुढच्या वर्षी दोघांपैकी कोण येऊ शकेल, हा प्रश्न आम्ही मनात येऊ देत नाही.

कोणी विचारले, कुत्र्याला सहलीस न्यावे की न न्यावे, तर सरसकट उत्तर आमच्याजवळ नाही. आजारी असेल, अति उन्हाळा असेल, मुक्कामी त्याला जागा नसेल तर न न्यावे. मग त्याच्या ओळखीचे माणूस त्याच्याच अंगणात येऊन राहील अशी व्यवस्था करावी, परक्या दारी साखळीला बांधू नये. न्यावयाचे तर त्याच्या चालीने जावे. धर्मराजाच्या कथेतही, नीट पाहिले तर, त्याने कुत्र्याला बरोबर घेतलेच नव्हते. कुत्रा आपणहून मागे आला होता. धर्मराजाने एवढेच केले, की त्याला टाकून दिले नाही. न्यावे की न न्यावे, हा हिशेब करण्यापूर्वी आपल्यामागून कोण कोण चालत येत आहे, हे एकदा वळून पाहावे. आम्ही वळून पाहिले नव्हते. आईने हाक मारली म्हणून पाहिले.

सध्या मोत्या रात्री उंबरठ्याच्या आत झोपतो. परवानगी कोणी दिली हे आम्ही आईला विचारलेले नाही.