पारोळ्याचे निदान

खानदेशात उन्हाळ्यात जायचे, तर माणसाने आपल्या प्रकृतीबरोबर गाडीच्या प्रकृतीचीही चौकशी करून निघावे. जळगावात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर चढतो आणि गावकऱ्यांना त्याचे फारसे अप्रूप नसते. तेथून धुळे अवघे ९० किलोमीटर. १९०६ साली जुन्या खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, तेव्हापासून ही दोन्ही गावे आपापल्या जिल्ह्याची मुख्य ठाणी. वाटेत बांभोरीला गिरणा लागते. पलीकडे बहिणाबाई चौधरींचे नाव धारण करणारे विद्यापीठ. मग एरंडोल आणि मग किल्ल्याचे पारोळे. दुतर्फा नांगरून उन्हात टाकलेली काळी जमीन, आणि सावली म्हणाल तर एखाद्या निंबाची.

गेल्या उन्हाळ्यात मेहुण्यांच्या मोटारीतून आम्ही धुळ्याला लग्नाला निघालो होतो. पारोळे जवळ आले आणि तापमानाचा काटा लाल रेघेला जाऊन टेकला. पुढून वाफा निघू लागल्या. मेहुण्यांनी गाडी तत्काळ बंद केली. तासाभराने कळ फिरवताच इंजिन निमूटपणे सुरू झाले, तेव्हा त्यांचा चेहरा खुलला. "राहिले किती? पस्तीस किलोमीटर! मुहूर्त सापडेल."

एवढ्यात गावातून बोलावलेले मिस्त्री येऊन पोहोचले. इंजिनावर हात न ठेवताच ते म्हणाले, "भाऊ, गाडी थंडी व्हयनी, बरी नही व्हयनी."

या एका वाक्यात सारे शास्त्र आहे. पुष्कळ गाड्यांत इंजिनाचा खालचा ब्लॉक बिडाचा आणि वरचे हेड अ‍ॅल्युमिनियमचे असते. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. दोहोंमधले पातळ गॅसकेट पाणी, तेल आणि जळता वायू या तिघांना आपापल्या वाटेने जाऊ देते. फाजील उष्णतेने हेड वाकले, की गॅसकेट उडते आणि तिघांची सरमिसळ होते. बाहेरून मात्र काही दिसत नाही.

मिस्त्रींनी आधी रेडिएटर हाताला गार लागेपर्यंत थांबायला लावले. आत दाबाखाली कोंडलेले पाणी शंभर अंशांच्या वर गेलेले असते. झाकण उघडताच ते उसळून माणसाला भाजते. तापल्या इंजिनावर गार पाणी ओतले, तर धातूला तडा जाण्याचे भय. मग तपासणी सुरू झाली. नळी फुटलेली नव्हती, खाली पाण्याचा ओघळ नव्हता. मग पाणी गेले कुठे? तेलाची पट्टी काढून पाहिली. तेल दुधाळ असते, तर त्यात पाणी शिरले असे समजायचे; ते स्वच्छ होते. मेहुणे हसले. मिस्त्रींनी रेडिएटर भरला आणि झाकण उघडे ठेवून इंजिन सुरू करायला सांगितले. पाण्यातून बुडबुडे येऊ लागले, ते थांबेचनात. मागच्या नळीतून पांढरा धूर निघाला आणि गाडी तापली तरी विरला नाही. जळता वायू पाण्यात आणि पाणी सिलिंडरमध्ये जात होते. असेच पुढे नेले असते, तर पिस्टन अडकून सगळे इंजिन बदलण्याची पाळी आली असती.

मेहुण्यांनी दोन क्षण घड्याळाकडे पाहिले आणि किल्ली मिस्त्रींच्या हाती दिली. मोटार दुसऱ्या गाडीवर चढून धुळ्याला गेली आणि आम्ही एस. टी.ने. मुहूर्त टळला, जेवण मिळाले. दुसऱ्या दिवशी कारखान्यात हेड उतरवून त्यावर सरळ पोलादी पट्टी धरली, तेव्हा खालून उजेडाची बारीक रेघ दिसली. वाक केसाच्या जाडीएवढा! पण तेवढ्यानेच घात केला होता. हेड घासून सपाट करायला आणि नवे गॅसकेट बसवायला आणखी एक दिवस लागणार होता.

तो दिवस आम्ही राजवाडे संशोधन मंडळात काढला. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली धुळ्यातच वारले; गावोगाव पायपीट करून त्यांनी जमवलेल्या कागदपत्रांचा ठेवा येथे जपला आहे. धुळ्यात सवड काढून हे मंडळ पाहावे. त्यासाठी मोटार बिघडण्याची वाट पाहू नये.