गव्याची वाट

कर्जत-खालापूरच्या डोंगरांत बिबट्याचे नाव माणसे हलक्या आवाजात घेतात; गवा मात्र पाहावयास आम्ही राधानगरीच्या अभयारण्यात गेलो. दूरच्या कळपावर कॅमेरा रोखला असता शेजारच्या झुडपातून एक थोराड नर पुढे आला. अंतर जेमतेम दहा पावले! वाटाड्याने आमचा दंड धरला. पाठ न फिरवता आम्ही हळूहळू मागे सरलो. वाट मोकळी मिळताच तो शांतपणे रानात शिरला.

९ डिसेंबर २०२० रोजी पुण्याच्या कोथरूडमध्ये भरकटलेल्या गव्याला अशी वाट मिळाली नाही. बघ्यांची गर्दी, मोबाइलचे कॅमेरे, तासन्‌तास पाठलाग; अखेर त्याने प्राण सोडला. प्रिय वाचकहो, परमेश्वराने सृष्टी आपल्या हाती सोपविली ती राखण्यासाठी. छायाचित्र हुकले तर हुकू द्यावे. मुक्या जिवाची वाट अडवू नये.