महिषासुराला मॅनेजर नव्हता

आम्हा वणीच्या पोरांना व्हिलन कसा असतो ते शिकवावं लागत नाही. सप्तशृंगगडावर पायऱ्या सुरू होतात तिथेच तो बसलाय. महिषासुराचं मस्तक! लहानपणी आजीबरोबर एसटीने नांदुरीचा घाट चढून जायचो, तेव्हा ती आधी त्याच्यासमोर हात जोडायची. ‘‘आजी, राक्षसाला कशाला नमस्कार?’’ मी विचारायचो. ‘‘त्याच्यामुळंच तर आई इथं आली. चल, ऊन व्हायच्या आत वर जाऊ.’’ विषय संपला.

पुढे दादा म्युनिकला गेला, मी हिंजवडीत अडकलो आणि आमची भेट व्हायला लागली ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये. २००४ साली आलेला हा ऑनलाइन गेम अजूनही चालूच आहे. आमचं फोनवर बोलणं कमी, हेडफोनवर जास्त. त्याची संध्याकाळ, माझी मध्यरात्र. वीस-पंचवीस जणांनी मिळून जीव तोडून मारलेला महाराक्षस पुढच्या बुधवारी परत ताजातवाना उभा. अगदी सोमवारच्या इनबॉक्ससारखा!

खरं सांगू? यात मला नवीन काहीच वाटलं नाही. आजीच्या सप्तशतीत वेगळं काय आहे? शंकराने त्रिशूळ दिला, विष्णूने चक्र, इंद्राने वज्र. आधी सगळी हत्यारं जमवा, मग मैदानात उतरा. तिकडे महिषासुर रेड्याचा सिंह होतो, सिंहाचा तलवारवाला माणूस, मग हत्ती, मग परत रेडा. दर वेळी डावपेच बदला. भन्नाट बॉस-फाइट, बॉस!

पण गेममधला माझा आवडता व्हिलन आर्थस. २००२ च्या ‘वॉरक्राफ्ट ३’मध्ये हा राजपुत्र आपल्याच माऊसवर चालतो. एका शहरात रोगट धान्य पोचलंय, तिथली माणसं आता मुडदे होऊन उठणार, म्हणून तो त्या आधीच त्यांची कत्तल करायची ठरवतो. क्लिक करणारे आपणच! नंतर तो शापित तलवार उचलतो, बापाला मारतो, २००८ मध्ये बर्फाच्या सिंहासनावर बसून आपली वाट बघतो. त्याला मारताना हात थोडा चाचरतो, कारण त्याला इथवर आपणच आणलेलं असतं.

या आर्थसने मारून भूत बनवलेली सिल्व्हानस आमची राणी. आम्ही दोघं भाऊ वर्षानुवर्षं तिचे शिपाई. २०१८ मध्ये तिने शत्रूचं एक अख्खं शहर ज्यावर वसलं होतं ते महावृक्षच पेटवून दिलं. आमच्या बाजूनं! जाम हादरलो होतो. आता ही याचं उत्तर कसं देणार?

दिलंच नाही. २०२० मध्ये कळलं, तिच्यामागे ‘जेलर’ नावाचा कुणी आणखी मोठा होता. आर्थसची तलवारही त्याचीच करणी. पुढे तर सांगितलं की तिचा आत्माच तुटलेला होता, हा घ्या चांगला तुकडा परत. तिला शिक्षा झाली म्हणा, पण सगळं मुसळ केरात.

दादा हेडफोनवर खूश. ‘‘बघ, बिचारीचा दोष नव्हताच.’’

माझा फ्यूज उडाला. ‘‘तुझाही नव्हता ना? आजी गेली तेव्हा तुझं गो-लाइव्ह होतं!’’

आजी २०१९ मध्ये गेली. तेराव्यालासुद्धा दादा आला नाही. मॅनेजर सोडत नाही म्हणाला. आई-बाबांनी ते मानलं, मीही तेव्हा मान डोलावली होती. ग्रुपमधले पोलंडचे, स्वीडनचे गडी एकदम गप्प. मराठी कळत नसली तरी भांडण कळतं.

तीन बुधवार कोरडे गेले. मधल्या एका वीकेंडला वणीला गेलो, तेव्हा आजीची पोथी काढून बसलो. महिषासुरानंतर तिथे शुंभ-निशुंभ येतात, रक्तबीज येतो. पण महिषासुराचा रिमोट म्हणे शुंभाच्या हातात होता, असं पोथी कुठेच सांगत नाही. त्याने केलं ते त्याचं. म्हणून तर त्याला पायथ्याची जागा आहे.

चौथ्या बुधवारी दादाचा फोन आला. गेममधून नाही, साधा फोन. ‘‘मॅनेजरला मी विचारलंच नव्हतं रे. तिच्याशिवायचं घर बघायची हिंमत नव्हती.’’

मी काय बोलणार? ‘‘नवरात्रात ये,’’ एवढंच म्हणालो.

आला. त्याच वर्षी देवीवरचे शेंदराचे जुने थर काढले होते, आईचं मूळ रूप आम्ही दोघंही पहिल्यांदाच बघणार होतो. ट्रॉलीला रांग होती, म्हटलं चालत जाऊ. पायऱ्यांपाशी दादा महिषासुरासमोर हात जोडून थांबला तो थांबलाच. मागून खानदेशातले पदयात्री ‘चला भाऊ, चला’ करत होते. मी चार पायऱ्या वर जाऊन त्याची सॅक सांभाळत उभा राहिलो.