कसबाचें शिक्षण आणि साहाय्य

मुलाच्या फीसाठीं कर्ज काढणारे पालक, तोच मुलगा मूर्तिकाम शिकूं म्हणतांच, ‘हें पोट भरण्याचें साधन नव्हे,’ असें म्हणतात. हें मत मला मान्य नाहीं.

ज्यांच्या हातांत कला आहे अशीं कित्येक मुलें शाळा संपतांच मजुरीस लागलेलीं मीं पाहिलीं आहेत. त्यांना आवड नसते असें नाहीं. पण शिकण्याच्या दिवसांत मजुरी बुडते, आणि घर तें सोसूं शकत नाहीं. ती बुडीत मजुरी भरून काढणारें अनुदान ही भीक नव्हे.

सर जमशेटजी जिजीभाई यांनीं १८५३ सालीं एक लक्ष रुपये देऊं केले. त्यांतून १८५७ मध्यें मुंबईची जे. जे. कलाशाळा सुरू झाली. २०२३ सालच्या पीएम विश्वकर्मा योजनेनें मूर्तिकार, कुंभार, सोनार आदि १८ व्यवसायांतील कारागिरांस प्रशिक्षणकाळीं रोज ५०० रुपये विद्यावेतन आणि हत्यारांसाठीं १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य ठरविलें.

पवित्र शास्त्रांतील बसालेलास देवानें कारागिरीबरोबर दुसऱ्यांस शिकविण्याची बुद्धिहि दिली. आणि निवासमंडपासाठीं सोनें, रुपें, वस्त्रें लोकांनीं स्वखुषीनें आणून दिलीं. कारागीर, गुरु व दाता या तिघांवांचून तें काम झालें नसतें.

विद्यार्थ्यांनो, हातांतील कलेची लाज बाळगूं नका. पालकहो, ‘यांत पैसा काय?’ असें म्हणण्यापूर्वीं शिक्षणास साहाय्य कोठें मिळेल, याची एकवार चौकशी करा.