पात्रापात्रविचार

दान द्यावयाचें तें देश, काल आणि पात्र पाहून द्यावें, असें आपले शास्त्रकार सांगून गेले. या वचनाची चर्चा पुष्कळांनीं केली. पण ती नेहमीं दात्याच्या बाजूनें. ज्याला 'पात्र' म्हणून न्याहाळलें जातें त्याला काय वाटत असेल, याचा विचार फारसा कोणीं केलेला दिसत नाहीं. गेले आठ महिने आम्ही स्वतःच तें पात्र होऊन बसलों आहोंत, म्हणून या विषयावर चार शब्द लिहिण्याचा अधिकार आम्हांस पोंचतो असें वाटतें.

मनुष्याच्या पाठीशीं, बरगड्यांच्या आश्रयानें, मुठीएवढीं दोन मूत्रपिंडें असतात. दिवसाकाठीं सुमारें १८० लिटर द्रव तीं गाळतात, आणि त्यांतला दीड-दोन लिटर तेवढा बाहेर टाकून बाकीचा रक्तास परत करतात. इतका चोख हिशेबनीस कोणत्याहि कचेरींत मिळावयाचा नाहीं. आमचे हे दोन हिशेबनीस वर्षानुवर्षांच्या रक्तदाबानें थकले. शंभराच्या आसपास असावी ती त्यांची गाळण्याची शक्ति १८ वर आली, तेव्हां आमच्या नेहमींच्या डॉक्टरांनीं सांगितलें, "डायलिसिस सुरू होण्याची वाट पाहूं नका. प्रत्यारोपण त्याच्या आधींहि करतां येतें, आणि तसें झालेलें बरें." आणि त्यांनीं एका मोठ्या रुग्णालयाच्या नांवें पत्र लिहून दिलें.

शिफारसपत्रें लिहिण्यांत आमची हयात गेली. हुशार, सुशील, होतकरू हीं विशेषणें आमच्या लेखणीस पाठ आहेत. या पत्रांत वय होतें, रक्तदाब होता, क्रिएटिनिनचा आंकडा होता. विशेषण एकहि नव्हतें. तरी इतकें वजनदार शिफारसपत्र आमच्या पाहण्यांत दुसरें नाहीं.

मूत्रपिंडाच्या दुखण्यासाठीं गेलेल्या माणसाचीं मूत्रपिंडेंच तपासतील, ही आमची भाबडी समजूत. तीं निकामी झालीं हें सर्वांस ठाऊक होतें. तपासावयाचें होतें तें बाकीचें सगळें. हृदय, फुप्फुसें, यकृत, कोठें दडलेला क्षय किंवा कर्करोग; इतकेंच काय, दांतसुद्धां. कारण असें कीं, परक्याचा अवयव शरीराला शत्रु वाटतो, आणि त्याचा तो विरोध मोडण्यासाठीं जन्मभर औषधें घ्यावीं लागतात. त्या औषधांनीं रोगांशीं झुंजण्याची शक्तिहि उणावते, आणि मग किडका दांतसुद्धां जिवावर बेतूं शकतो. १९५४ सालीं बोस्टन येथें डॉ. जोसेफ मरे यांनीं पहिलें यशस्वी मूत्रपिंड-प्रत्यारोपण केलें, तें एकरूप जुळ्या भावांमध्यें. एकाच्या शरीरास दुसऱ्याचा अवयव परका वाटलाच नाहीं. आपल्याकडे १९७१ सालीं वेल्लोर येथें या शस्त्रक्रियेस यश आलें. ज्यांना जुळा भाऊ नाहीं त्यांची सगळी भिस्त औषधांवर. म्हणूनच समाजसेविकाबाईंनीं आम्हांस विचारलें, "दरमहा औषधांचा खर्च कोण करणार? घरांत लक्ष ठेवणारें कोण आहे?" येथें विद्वत्तेला गुण नाहींत. परीक्षा आहे ती सोसण्याची.

परंतु खरी कठीण परीक्षा दात्याची. मृत दात्यांच्या मूत्रपिंडांसाठीं लागलेली रांग लांब, वर्षानुवर्षांची. तेव्हां दृष्टि घराकडेच वळते. अवयवांचा क्रयविक्रय १९९४ च्या कायद्यानें गुन्हा ठरविला आणि देण्याची मुभा मुख्यतः जवळच्या आप्तांस ठेवली. २०११ च्या दुरुस्तीनें त्यांत आजी-आजोबा आणि नातवंडें यांचीहि भर पडली. आमचे धाकटे बंधु नागपुराहून आपण होऊन आले. रक्तगट जुळला. सख्ख्या भावाशीं पूर्ण जुळणी होण्याचा संभव चारांत एक, तोहि आम्हीं मनांत मोजून ठेवला. आठवडाभर तपासण्या झाल्या, आणि एके दिवशीं आम्हांस कळविण्यांत आलें: "वैद्यकीय दृष्ट्या हे दाते होऊं शकत नाहींत." पुढें एक अक्षर नाहीं.

अशा ठिकाणचा प्रघात मागाहून कळला. दात्याचा विचार वेगळे डॉक्टर करतात. नातेवाइकांच्या माघारीं ते त्याला सांगतात कीं, तुम्ही कोणत्याहि क्षणीं मागें फिरूं शकतां. फिरलांत तर घरच्यांना 'अयोग्य' एवढाच शब्द कळेल. तेव्हां बंधूंच्या मूत्रपिंडांत खडा निघाला कीं मनांत भय, हें आम्हांस माहीत नाहीं. विचारलें तर ते सांगतील. पण विचारल्या क्षणीं ते आमचे भाऊ न राहतां साक्षीदार होतील, आणि त्यांनीं खरें सांगितलें तरी तें आम्हांस खरें वाटेलच, असा भरंवसा आम्हांस आमचाच नाहीं. गेल्या महिन्यांत ते संत्र्यांची करंडी घेऊन आले. आम्हांस संत्रें वर्ज्य आहे हें त्यांच्या ध्यानांतून गेलें होतें. घरांत सगळीं पोट धरून हंसलीं, आणि तेहि हंसले. त्या हंसण्याच्या आड जें कांहीं होतें, तें तसेंच राहूं दिलें.

त्यानंतर आमच्या सौभाग्यवतींनीं आपलें नांव दिलें. त्यांचा रक्तगट 'ओ', म्हणजे कोणासहि चालणारा. कायद्यास विवाहाचा पुरावा लागतो. लग्नांतलें छायाचित्र, सगळ्या कुटुंबाचें छायाचित्र, मुलांचे जन्मदाखले, अशी कागदांची जुडी आम्हीं नेऊन दिली. शिवाय दाता स्त्री असेल तर अधिक दक्षता घ्यावी, आणि तिच्या संमतीची खात्री रुग्णाखेरीज दुसऱ्या कोणाकडून करून घ्यावी, असा २०१४ च्या नियमांचा दंडक आहे. प्रथम आम्हांस तो थोडा बोंचला. पण आपल्या देशांत जिवंतपणीं मूत्रपिंड देणाऱ्यांत स्त्रियांची संख्या मोठी आणि घेणाऱ्यांत पुरुषांची, हें ध्यानीं घेतलें म्हणजे नियम करणाऱ्यांनीं घरें आंतून पाहिलीं होतीं असें म्हणावें लागतें. सौभाग्यवतींना वेगळ्या खोलींत नेलें. अर्धा तास आम्ही बाहेर बांकावर होतों. बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "चहा घेऊं या. तुमच्या पाण्याच्या हिशेबांत धरा."

शास्त्रकारांनीं पात्र पारखण्याचें काम दात्याकडे दिलें. येथें दात्याची पारख अधिक कसून होते, आणि तें योग्यच आहे. रुग्णाला कांहीं मिळवावयाचें असतें. निरोगी माणसाच्या देहाला केवळ गमवावयाचें असतें. ज्याला 'नाहीं' म्हणण्याची सोय नाहीं त्यानें दिलेलें दान, दान नव्हे. ती खंडणी होय. त्या बंद खोलीचें दार नकारालाहि होकाराइतकेंच सुरक्षित ठेवतें, म्हणूनच आंतून येणाऱ्या होकाराला किंमत आहे.

सौभाग्यवतींच्या शेवटच्या तपासणीचा निकाल येत्या आठवड्यांत लागावयाचा आहे. 'योग्य' असा आला तर आम्ही तो मान लववून स्वीकारूं. 'अयोग्य' असा आला, तर कारण विचारणार नाहीं, आणि डायलिसिससाठीं दिवस ठरवून घेऊं.